औषधाच्या खिडकीमागचा माणूस

(म्हैसूर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक प्रतिनिधींसमोर रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे विषय छापला आहे तो असा: ‘संसर्गजन्य रोगांसाठी फार्मासिस्टांचे विशेष निवासी प्रशिक्षण’. काल रात्री जेवणाच्या पंगतीत काही साथींनी आम्हाला विचारले, की सेक्रेटरीसाहेब, पेन्शनचा प्रश्न आहे, रिक्त जागांचा आहे, कंत्राटीकरणाचा आहे, आणि तुम्ही हे कुठले प्रकरण काढलेत? प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. औषधशास्त्राचे आम्हाला ज्ञान नाही. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. त्यामागे आमच्या युनियनच्या हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे विषय का घेतला हे आपल्या ध्यानात येईल.

आमच्या हातून झालेली चूक

गोष्ट 2011 च्या पावसाळ्यातली. आमच्या शाखेत एक कीमन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि झेंड्या घेऊन आपली बीट पायी तपासणारा माणूस. एके दिवशी गंजलेल्या पट्टीने त्यांची पोटरी फाटली. पावसाचे दिवस, चिखल, त्यात त्यांना साखरेचा आजार. सिक रिपोर्ट केला तर बीटवर माणूस नाही, म्हणून त्यांनी स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानातून चार कॅप्सूल घेतल्या. दोन दिवसांत बरे वाटले, गोळ्या बंद केल्या. आठवड्याने पाय पुन्हा सुजला. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या खेपेला थंडी वाजून ताप आला तेव्हा त्यांना रुग्णालयात भरती केले.

तिथे एक जबर इंजेक्शन सुरू झाले. नाव अमिकासिन. पाचव्या दिवशी पुवाच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट आला. त्या जंतूवर साधी गोळीही चालत होती. तिथले डॉक्टर तरुण होते, नुकतेच रुजू झालेले. त्यांनी इंजेक्शन थांबवून गोळी द्यायचे ठरवले. योगायोग असा, की त्याच दिवशी स्टोअरमधले ते इंजेक्शन संपले होते. आम्हाला निरोप आला, की भारी औषध बंद करून साहेबलोक आपल्या माणसाला स्वस्तातली गोळी देताहेत.

मग काय विचारता! आम्ही पंचवीस-तीस जण गेलो. घोषणा दिल्या. निवेदन दिले. ‘कामगाराच्या जिवाशी खेळ चालणार नाही’ असे ठणकावून सांगितले. प्रशासनाने लोकल पर्चेसमध्ये इंजेक्शन मागवले आणि ते आणखी नऊ दिवस चालू राहिले. आम्ही त्या महिन्याच्या सभेत हा विजय म्हणून सांगितला. टाळ्याही झाल्या.

पाय वाचला. पण घरी आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नीच्या लक्षात आले, की हाक मारली तर हे ओ देत नाहीत. तपासणी झाली. दोन्ही कान बरेच गेले होते. अमिकासिन हे औषध रक्तात प्रमाणाबाहेर साठले तर कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारते, आणि त्या पेशी परत येत नाहीत. हे औषध शरीराबाहेर जाते मूत्रपिंडावाटे. साखरेमुळे त्यांची मूत्रपिंडे आधीच मंद होती. तसा रक्ताचा रिपोर्ट केसपेपरला टाचलेला होता. पण तो पाहून डोस कमी करणारे, इंजेक्शनांमधले अंतर वाढवणारे किंवा ‘आता बस’ म्हणणारे कुणी नव्हते. एक म्हणणारा होता, त्याला आम्ही गप्प केले.

ज्या माणसाला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही त्याला रुळावर कसे पाठवणार? त्यांना मेडिकली डीकॅटेगराइज केले आणि कचेरीत बसवले. पगार राखला गेला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि साध्या आवाजात विचारले, “भाऊ, इंजेक्शन चालू ठेवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना?” त्या बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्याकडे उत्तर नव्हते.

दोष एकट्या डॉक्टरचा नाही, एकट्या आमचाही नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या डोक्यात बसला. रुग्णालयात रोग ओळखणारा डॉक्टर असतो, इंजेक्शन टोचणारी सिस्टर असते. मग त्या औषधाचा हिशेब ठेवणारा, ते या माणसाला झेपते का हे रोज पाहणारा माणूस कोण?

म्हैसूरशी या प्रश्नाचा संबंध

याचे उत्तर शोधताना आम्हाला कळले, की ज्या गावात आज आपण बसलो आहोत त्या गावातच या कामाची माणसे घडवायला आपल्या देशात ज्यांनी प्रथम हात घातला त्यांपैकी काही आहेत. टपाल खात्यातील साथींना म्हैसूर ठाऊक आहे ते इथल्या टपाल प्रशिक्षण केंद्रामुळे. रेल्वेवाल्यांना ठाऊक आहे अशोकपुरमच्या वर्कशॉपमुळे आणि रेल्वे संग्रहालयामुळे. पण इथे 1973 साली स्थापन झालेले जेएसएस फार्मसी कॉलेज आहे आणि त्याच संस्थेचे मोठे रुग्णालय आहे.

1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात या कॉलेजाने ठरवले, की फार्मसीचा विद्यार्थी कारखान्यात गोळ्या बनवायला किंवा दुकानात विकायला शिकतो तेवढे पुरे नाही. त्याने वॉर्डात रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून शिकले पाहिजे. या कामी डॉ. जी. पार्थसारथी यांनी पुढाकार घेतला. ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी उभे राहिलेले रिपॅट्रिएशन जनरल हॉस्पिटल होते, तिथल्या जाणत्या फार्मासिस्टांचे सहकार्य त्यांनी मिळवले. त्यांतल्या कॅरिन नायफोर्ट-हॅन्सन आणि अमेरिकेतील मिलाप नहाता यांच्यासह पार्थसारथी यांनी या विषयाचे पाठ्यपुस्तक तयार केले. ते 2004 साली निघाले आणि देशभर फार्मसीचे विद्यार्थी ते वापरतात.

पुढे 2008 साली भारतीय फार्मसी परिषदेने ‘फार्म. डी.’ या अभ्यासक्रमाचे नियम काढले. बारावीनंतर सहा वर्षे. त्यांतली पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष पूर्ण रुग्णालयात. हे रुग्णालय किमान 300 खाटांचे असावे, असा नियम आहे. या सहाव्या वर्षालाच निवासी प्रशिक्षण किंवा रेसिडेन्सी म्हणतात. त्यात सहा महिने मेडिसिनच्या वॉर्डात आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत काढायचे. डॉक्टर राउंडला निघाले की याने सोबत राहायचे.

अशी वॉर्डात काम केलेली एक मुलगी या अभ्यासवर्गाच्या निमित्ताने आम्हाला भेटली. मूळची निपाणीकडची, त्यामुळे मराठीत बोलली. आम्ही तिला विचारले, की तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग वॉर्डात करतेस काय? ती म्हणाली, “काका, आम्ही औषध लिहीत नाही. लिहिलेलं औषध या माणसाला, या वजनाला, या किडनीला बसतं का ते बघतो. नसेल बसत तर डॉक्टरांना सांगतो.” आमच्या कीमनच्या बाबतीत नेमके एवढेच घडायला हवे होते.

गाडीला ड्रायव्हर असताना गार्ड कशाला?

काही डॉक्टरांना यात ढवळाढवळ वाटते. आपल्यालाही वाटेल, की डॉक्टरने लिहिले त्यावर हा कोण बोलणार? आपण रेल्वेतली माणसे आहोत. गाडी ड्रायव्हर चालवतो. त्याला आता लोको पायलट म्हणतात आणि 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव काहीही असो, मागच्या माणसाने ‘सगळे ठीक’ची खूण दिल्याशिवाय पुढचा गाडी हलवत नाही. याचा अर्थ गार्ड ड्रायव्हरचा वरिष्ठ झाला असा होत नाही. एका माणसाची नजर चुकू शकते हे ओळखून आपल्या पूर्वसुरींनी दुसरी नजर ठेवली. वॉर्डातला फार्मासिस्ट ही ती दुसरी नजर आहे.

टपालातल्या साथींसाठी दुसरे उदाहरण देतो. आपला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पिनकोड नसलेले पत्र सॉर्टर अनुभवाने कुठेतरी टाकतो. कधी ते पोचते, कधी गावोगाव हिंडते. कल्चर न करता दिलेले अँटिबायोटिक तसेच असते. आधी रक्ताचा, लघवीचा किंवा पुवाचा नमुना घ्यायचा आणि मग औषध सुरू करायचे. 48 ते 72 तासांत रिपोर्ट आला, की पुन्हा बसून पाहायचे: जंतू कोणता, त्याला कोणते औषध चालते, इंजेक्शनाची गोळी करता येईल का, औषध बंदच करता येईल का. हे पुन्हा बसून पाहणे गर्दीच्या वॉर्डात राहून जाते. ते राहू नये यासाठी त्या कामाचा स्वतंत्र माणूस लागतो.

संसर्गजन्य रोगांचेच वेगळे शिक्षण का?

आता विषयाच्या गाभ्याकडे येतो. फार्मासिस्ट वॉर्डात आला, इतपत ठीक. मग संसर्गजन्य रोगांसाठी आणखी विशेष प्रशिक्षण कशाला?

रक्तदाबाची गोळी चुकीची घेतली तर त्रास घेणाऱ्याला होतो. अँटिबायोटिक चुकीचे घेतले तर शेजाऱ्यालाही होतो. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि ते चिवट जंतू वसाहतीत, वॉर्डात, लोकलच्या डब्यात पसरतात. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच हा धोका सांगून ठेवला होता. आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पेनिसिलिन गरिबाला परवडावे, हा त्यामागचा हेतू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. आपल्या वडिलांच्या पिढीला न्यूमोनियातून उठवणारी ती औषधे आज अनेक जंतूंपुढे निकामी झाली आहेत.

2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट मेलेल्यांची संख्या जगात सुमारे 12 लाख 70 हजार होती, असा संशोधकांचा अंदाज आहे. भारताचा त्याच वर्षाचा अंदाज सुमारे 3 लाखांचा आहे.

आणि हे अज्ञान फक्त गरिबाचे आहे असे समजू नका. मुंबईच्या धारावी भागात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 106 खासगी डॉक्टरांना क्षयरोग्यासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली. 2010 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. 106 पैकी बरोबर चिठ्ठी लिहिली फक्त 6 जणांनी, आणि सगळ्यांनी मिळून औषधांचे 63 निरनिराळे मेळ लिहिले. धारावीला लागून माटुंग्याचे आपले वर्कशॉप आहे. आपले किती साथी त्या दवाखान्यांत गेले असतील याचा विचार करा.

या औषधांचे बारकावेही फार आहेत. क्षयाचे रिफाम्पिसिन घेणाऱ्या बाईची गर्भनिरोधक गोळी काम करीनाशी होते. तेच औषध रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफारिनचा आणि साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा पित्ताच्या गोळीबरोबर घेतले तर ते पोटातच अडकते, रक्तात उतरत नाही. रुग्ण म्हणतो गोळी खाल्ली, पण जंतूपर्यंत ती पोचलेलीच नसते. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना नीट तपासणी केल्यावर ते चालते असे आढळते. पण तशी नोंद केसपेपरवर पडली, की त्यांना जन्मभर महागडी औषधे दिली जातात. हे सर्व एका माणसाने डोक्यात ठेवायचे, तर त्याने एक पूर्ण वर्ष याच कामात घालवले पाहिजे.

अमेरिकेत हे कसे चालते ते सांगतो. तिथे फार्मासिस्टची पदवी घेतल्यावर एक वर्ष सर्वसाधारण रेसिडेन्सी करता येते आणि दुसरे वर्ष एकाच विषयाची. त्या विषयांत संसर्गजन्य रोग हा एक आहे. त्या वर्षात हा माणूस जंतूंच्या प्रयोगशाळेत बसतो, अतिदक्षता विभागात फिरतो, एड्सच्या दवाखान्यात काम करतो, आणि दररोज सकाळी रुग्णालयात कुणाला कोणते अँटिबायोटिक चालू आहे याची यादी तपासतो. 2019 पासून या विषयाची स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षाही तिथे आहे. इंग्लंडच्या सरकारने 2003 साली तीन वर्षांसाठी 1 कोटी 20 लाख पौंड दिले ते सरकारी रुग्णालयांत अशा फार्मासिस्टांचे काम उभे करण्यासाठी.

हे सगळे श्रीमंत देशांचे झाले, असे कुणी म्हणेल. म्हणून जवळचे सांगतो. कोचीच्या अमृता रुग्णालयात 2016 पासून फार्मासिस्टांच्या मदतीने अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या तपासून डॉक्टरांना सूचना देण्याचे काम सुरू झाले. त्याचे अनुभव त्यांनी जाहीरपणे छापले आहेत. आपल्याच देशात, आपल्याच माणसांकडून हे होऊ शकते.

आपल्याकडे अडते कुठे?

अडते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे फार्म. डी.चे ते सहावे वर्ष सर्वसाधारण आहे. संसर्गजन्य रोगांचे वेगळे वर्ष त्या नियमांत नाही. काही रुग्णालये आपल्यापुरते काही करतात, पण देशभर एकसारखे, मान्यता असलेले असे प्रशिक्षण उभे राहिले पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या ओळखीची आहे. शिकलेला माणूस आहे पण पद नाही. फार्मसी परिषदेच्या नियमांत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हा शब्द आला आहे. पण नियमात शब्द येणे आणि रुग्णालयाच्या मंजूर यादीत जागा निघणे यांत किती वर्षे जातात हे युनियनच्या माणसाला सांगायला नको. आम्ही आजवर जेवढे सरकारी दवाखाने पाहिले त्यांत खिडकीमागे एक फार्मासिस्ट, समोर लांबच लांब रांग, आणि त्यानेच स्टोअर सांभाळायचे, त्यानेच इंडेंट लिहायचे. त्याला आपण अजून कंपाउंडरच म्हणतो. तो गोळीबद्दल दोन शब्द सांगू लागला, तर रांगेतून आपणच ओरडतो, “अहो, लवकर आटपा!” सहा वर्षे शिकून बाहेर पडलेली अनेक मुले मग कंपन्यांच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटरपुढे बसतात किंवा परदेशी जातात.

इथे खिडकीमागच्या आपल्या फार्मासिस्ट साथींची एक भीती बोलून दाखवतो. ते म्हणतात, आम्ही डिप्लोमावाले. उद्या सहा वर्षे शिकलेली पोरे आली, तर आमचे प्रमोशन गेले. ही भीती आम्ही समजू शकतो. पण यावर वाट आहे. 2014 च्या नियमांनुसार नोंदणीकृत आणि कामाचा अनुभव असलेल्या डिप्लोमाधारकाला दोन वर्षांत ‘बी. फार्म. प्रॅक्टिस’ करता येते. खात्याने पगारी रजा आणि फी दिली तर आपलाच माणूस पुढे जाईल. रेल्वे आपल्या माणसाला सिग्नलचे शिक्षण देते, टपाल खाते याच म्हैसूरला पाठवून शिकवते. मग औषधाच्या माणसानेच काय पाप केले?

कायदा आणि आपण

कायदे नाहीत असे नाही. 1 मार्च 2014 पासून एच-1 ही नवी अनुसूची लागू झाली. तिच्यात अनेक जबर अँटिबायोटिके आणि क्षयाची औषधे आहेत. ती विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. रजिस्टर्ड पत्राची नोंद करावी तसे. 2016 साली लाल रेषेची मोहीम निघाली: ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. केरळने 2024 च्या जानेवारीत चिठ्ठीविना अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर धाडी घालण्याची मोहीम काढली. पण विकत घेणारा आपणच असू तर नुसत्या धाडीने काय होणार? रजा मिळत नाही म्हणून माणूस दुकानातून गोळी घेतो. सिक मागितली तर संशयाने पाहतात म्हणून तो लंगडत ड्युटी करतो. आमच्या कीमनची कथा खरी सुरू झाली ती तिथून. म्हणून बीटवर बदली माणूस असणे हाही औषधाचाच प्रश्न आहे, हे प्रशासनाला सांगितले पाहिजे.

ग्रामीण डाक सेवकांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांना केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड नाही. त्यांना जवळ असते ते गावातले दुकान. त्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असला पाहिजे, नुसते भिंतीवर त्याचे सर्टिफिकेट टांगलेले चालणार नाही. आणि हे 1948 च्या फार्मसी कायद्यापासून अपेक्षित आहे.

आपल्या मागण्या

या अभ्यासवर्गाने ठरावाच्या रूपाने पुढील मागण्या कराव्यात असे आम्ही सुचवतो.

एक: रेल्वेच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वॉर्डात काम करणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टचे पद मंजूर करावे, आणि ते कंत्राटी नसावे.

दोन: संसर्गजन्य रोगांचे एक वर्षाचे मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षण सुरू व्हावे, आणि त्यासाठी रेल्वेची मोठी रुग्णालये प्रशिक्षणाची जागा म्हणून खुली करावीत. रुग्ण आपले, खाटा आपल्या, मग शिकलेला माणूसही आपला होईल.

तीन: सेवेतील फार्मासिस्टांना पगारी रजा व फी देऊन पुढील शिक्षणासाठी पाठवावे.

चार: औषधाच्या खिडकीवरील रिक्त जागा आधी भरल्या जाव्यात. ज्याला पाणी प्यायला फुरसत नाही तो रुग्णाशी काय बोलणार?

पाच: प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कल्चरची सोय असावी आणि अँटिबायोटिकांवर देखरेख करणारी समिती असावी. त्या समितीत फार्मासिस्ट असावा.

आता आपल्या स्वतःकडे. शाखेतल्या प्रत्येक सभासदाला पुढील गोष्टी सांगा. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका. जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या; मनाने थांबवू नका आणि मनाने वाढवूही नका. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. आपल्याला साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, बाई गरोदर असेल, इतर गोळ्या चालू असतील, तर ते खिडकीवर बोला. औषधाचा त्रास झाला तर गप्प बसू नका. त्याची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारचा 1800-180-3024 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. कान वाजणे, लघवी कमी होणे, अंगावर पुरळ येणे ही छोटी तक्रार समजू नका.

आणि शाखेच्या पदाधिकाऱ्यांना एक विशेष विनंती. आपला माणूस भरती असेल तेव्हा जरूर जा, जाब विचारा. पण ‘भारी औषध द्या’ अशी घोषणा देण्याआधी विचारा, की कल्चर केले का, रिपोर्ट काय आला, डोस मूत्रपिंडाप्रमाणे आहे का, आणि हे औषध कधी थांबवणार? हे चार प्रश्न आम्हाला 2011 साली ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर आम्ही त्या तरुण डॉक्टरच्या बाजूने उभे राहिलो असतो.

ते कीमन आता निवृत्त झाले आहेत. कानात यंत्र घालतात. मागच्या वर्षी मेळाव्याला आले, पहिल्या रांगेत बसले. आम्ही भाषण संपवून खाली आलो तेव्हा म्हणाले, “सेक्रेटरी, निम्मं ऐकू आलं, पण बरं बोललात.” आज इथे जे बोललो ते लिहून त्यांना वाचायला पाठवणार आहोत.

ठरावाला आपण एकमताने पाठिंबा द्यावा अशी विनंती करतो आणि आमचे बोलणे संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!